गौरव अंकासाठी दोन पानं

बाड हॉम्बुर्ग, १३ मे २००७

सुलेखाबाई,

सप्रेम जय भीम.

तुमच्या विनयचा फोन आला होता, इथे जर्मनीत, हर्षाच्या घरी. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "कांतामावशी, आईची एकसष्टी आहे सप्टेंबरात. सत्कार ठेवलाय, गौरव अंक काढतोय, तुमची दोन पानं हवीतच." गेली अठरा वर्षं तुम्ही आणि मी एकमेकींचा उंबरा ओलांडलेला नाही. रिटायर होईपर्यंत एका शाळेत राहून कामापुरतं बोललो. आणि मी एकदम मावशी. मला तिथेच शंका आली. आणखी कोण कोण लिहितंय, असं विचारलं. त्याने नावं सांगितली, सगळी तुमच्याच गोतावळ्यातली. मग म्हणाला, "अंकात सगळ्या समाजांचे लोक असावेत असं कमिटीचं म्हणणं आहे." म्हणजे एक जय भीम कमी पडत होता. तुमचं लेकरू सरळ आहे, पोटातलं ओठावर येतं त्याच्या. आईवर गेलेलं दिसत नाही.

लिहीन की नाही ते मी ठरवलेलं नाही. विचार करते म्हणाले. विद्वान बाईचं कौतुक कसं करावं हे मी सध्या इथे एका चिनी माणसाकडून शिकतेय, म्हणून म्हटलं तुम्हालाच कळवावं.

हर्षा आठवत असेलच. मधल्या सुट्टीत तुमच्या डब्यातले पोहे संपवायची ती. आता चौतीस वर्षांची आहे, डायलिसिसच्या फिल्टरवर काम करते. लहानशी लॅब आहे, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही. त्यांच्या गटाचा प्रमुख रिटायर होतोय आणि त्याची खुर्ची दोघांपैकी एकाला मिळणार: हर्षाला, नाहीतर लुओ नावाच्या तिच्या चिनी सहकाऱ्याला. जुलैत ठरेल. आणि हा लुओ दर रविवारी आमच्याकडेच जेवायला येतो. बायको-मुलगा तिकडे चीनमध्ये, इथे एकटा, म्हणून हर्षाला दया येते. मला येत नाही. पण माणूस घाम पुसत पुसत ठेचा मागून खातो, त्याला नको कसं म्हणणार?

आज जेवताना हर्षाकडे बघून तो चार अक्षरं बोलला: शुए फू वू छे. विद्वान, गुणी माणसासाठी असे चार-चार अक्षरांचे ठरलेले बोल आहेत म्हणे त्यांच्यात, शेकडो वर्षांचे, लहानपणी पाठ करून घेतात. याचा अर्थ, हिची विद्या पाच गाड्या भरेल एवढी. माझं इंग्रजी शाळेतलं, त्याचंही तसंच, त्यामुळे आमचं बरं जमतं. मी विचारलं, कागद नव्हता तेव्हाची ही गोष्ट ना, मग पुस्तकं कशावर लिहायचे? म्हणाला, बांबूच्या पट्ट्यांवर. मी इतिहासाची बाई. बांबूवर लिहिलेलं पाच गाड्या म्हणजे आपल्या शाळेच्या कपाटाचा जेमतेम एक खण. म्हटलं, बाबा, तुझं माप कमी भरतंय. तो इतका हसला की पाणी प्यावं लागलं. हर्षा मात्र मान वर ठेवून 'डांके', म्हणजे जर्मन धन्यवाद, म्हणाली आणि भाकरी खात राहिली.

पण मला राहून राहून एकच वाटतं. ज्याला तीच खुर्ची हवी आहे तो माणूस समोरच्याचं कौतुक कशाला करेल? तुम्हाला याचा अनुभव आहे, म्हणून विचारलं.

कांता हिवराळे


बाड हॉम्बुर्ग, ३ जून २००७

सुलेखाबाई,

जय भीम.

विनयचा पुन्हा फोन आला. तुमचं पत्र नाही. स्वतःच्या कौतुकाचा लेख स्वतः मागायला जड जात असेल तर मी समजू शकते.

इथलं प्रकरण वाढत चाललंय. मागच्या रविवारी लुओ पाच गाड्यांवरून आठ पायल्यांवर आला. जगातली सगळी प्रतिभा दहा पायल्या धरली, तर त्यातल्या आठ एकट्या हर्षाकडे. त्यांचं माप वेगळं आहे, मी आपलं पायली म्हणते. कुणा जुन्या कवीने दुसऱ्या कवीबद्दल म्हटलं होतं म्हणे. मी विचारलं, उरलेल्या दोनांचं काय झालं? तर एक म्हणणाऱ्याने स्वतःला ठेवली आणि एक बाकीच्या सगळ्या जगाला वाटून दिली. घ्या. कौतुक करणाऱ्याने आपली पायली आधीच बाजूला काढून ठेवली होती.

घरात बोलतो तोवर ठीक. या आठवड्यात त्याने भर मीटिंगमध्ये सांगितलं की हर्षा म्हणजे कोंबड्यांच्या घोळक्यात उभा राहिलेला करकोचा. हाही त्यांच्यातला मोठा मानाचा बोल आहे. पण टेबलाभोवती सहा जर्मन माणसं बसलेली. त्यातल्या एकाने विचारलं, "म्हणजे आम्ही कोंबड्या का?" सगळे हसले. हर्षापण हसली, घरी येऊन मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. सहा जणांना कोंबडी म्हणायचं आणि त्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडायचं, याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्यांची साहेबीण, फ्राउ क्रेमर, वहीत काहीतरी लिहून घेत होती म्हणे. तिला सवयच आहे, कुणी काही बोललं की टिपून घ्यायची.

हर्षाला म्हटलं, सावध राहा. ती म्हणाली, "आल्झो, हे बघ आई, तुझ्या शाळेतलं राजकारण इथे आणू नकोस. लुओ चांगला माणूस आहे."

माझ्या शाळेतलं राजकारण. तिला मी कधी सांगितलंच नाही, म्हणून तिला वाटतं हा माझा स्वभाव. तुम्हाला तर सांगायची गरज नाही, पण मला एकदा लिहून बघायचंय. एकोणनव्वद साली मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेत माझं नाव पहिलं, तुमचं दुसरं. नियमाने जागा माझी. ती दुसऱ्याला द्यायची तर माझा लेखी नकार हवा. शाळा समितीची मीटिंग भरली आणि तुम्ही उभ्या राहिलात. "कांताबाईंसारखी व्यासंगी शिक्षिका या शाळेला पुन्हा मिळणार नाही. इतिहास, पाली, काय नाही त्यांच्यापाशी. अशा बाईंना पगारपत्रकं आणि शिपायांच्या रजांमध्ये अडकवाल तर वर्गातल्या मुलांचं नुकसान होईल." टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या. एवढ्या कौतुकानंतर 'पण मला ती खुर्ची हवी आहे' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तेवढ्यात टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकला, आणि मी सही केली.

कागद आधीच टाइप करून ठेवलेला होता, हे माझ्या लक्षात घरी गेल्यावर आलं.

कांता हिवराळे


बाड हॉम्बुर्ग, २४ जून २००७

सुलेखाबाई,

मागचं पत्र पोचलं असणार. विनयचा फोन बंद झालाय त्यावरून कळलं.

आज मी लुओची उलटतपासणी घेतली. हर्षा खाली वॉशिंग मशीन लावायला तळघरात गेली होती, तेवढ्यात. सरळ विचारलं, "दर आठवड्याला तू हिला वरवर चढवतोस, गाड्या झाल्या, पायल्या झाल्या, करकोचा झाला. तुला हवंय काय?"

बिचारा गोरामोरा झाला. खूप वेळ शब्द जुळवून त्याने जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. त्यांच्याकडे कुणी कौतुक केलं की ते घ्यायचं नसतं. 'नाली, नाली' म्हणायचं, म्हणजे कुठे, कुठे? मग ज्याने केलं त्याला थोडं परत करायचं. तो कुठे-कुठे म्हणतो, की झालं, दोघं मोकळे. हर्षाने पहिल्याच दिवशी 'डांके' म्हणून ठेवून घेतलं. त्याला वाटलं, कौतुक कमी पडलं असावं. म्हणून पुढच्या वेळी मोठं आणलं. तिने तेही ठेवून घेतलं. गेले सहा महिने तो बिचारा वर वर चढतोय आणि ही खालून शिडी धरून उभी आहे. "लाओशी," मला म्हणाला, तो मला लाओशी म्हणतो, आपली पोरं 'बाई' म्हणतात तसं, "आता माझ्याकडचे मोठे बोल संपत आले."

हा घोळ माझ्या घरचा आहे. मी आणि हर्षाच्या बाबांनी पोरीला एकच शिस्त लावली होती. कुणी चांगलं म्हटलं तर मान खाली घालायची नाही, 'छे, मी कसली' म्हणायचं नाही. आभार मानायचे आणि बसायचं. आपल्याला 'तू कसली' म्हणणारे गावात भरपूर होते, त्यात आपण आपली भर कशाला घालायची? ती शिस्त इथे अशी अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

तरी मी एवढ्यावर विरघळणारी नाही. रीत म्हणून केलेलं कौतुक म्हणजे खोटंच की. शिवाय याचा दुसरा भाग ऐका. त्याच रीतीने हा स्वतःला खाली खाली ढकलतो. स्वतःचं काम दाखवायच्या आधी मीटिंगमध्ये म्हणतो, मी आपली वीट टाकतो, जेड, म्हणजे त्यांचं ते मोलाचं हिरवं रत्न, नंतर कुणीतरी आणेल. हाही एक चार अक्षरांचा बोल. फ्राउ क्रेमर ते लिहून घेते. हर्षाला म्हटलं, काही परत करू नकोस, एक शब्दही नाही, जुलै होऊ दे. ती उठून आपल्या खोलीत गेली.

लेखाचं अजून ठरलेलं नाही.

कांता


बाड हॉम्बुर्ग, ८ जुलै २००७

सुलेखा,

तुला अहो-जाहो करायचा आज कंटाळा आलाय.

खुर्ची हर्षाला मिळाली. शुक्रवारी कळलं. मी शिरा केला. हर्षाने खाल्ला नाही, कारण तिला लुओचं काय झालं तेही त्याच दिवशी कळलं. त्याचा करार सप्टेंबरपर्यंतचा आहे. ही जागा मिळाली असती तर तो कायमचा झाला असता, बायको-मुलाला आणता आलं असतं. आता व्हिसाचं बघायला हवं, म्हणून त्याने दुसरीकडे अर्ज टाकलेत, नेकारसुल्मला गाड्यांच्या रंगांच्या एका लॅबमध्ये. फ्राउ क्रेमरने निर्णयाचा जो कागद केला त्यात लुओचे सगळे बोल आहेत. हर्षाचं ज्ञान सहकाऱ्यांपेक्षा किती पुढचं आहे हे खुद्द तिचा प्रतिस्पर्धी वारंवार सांगतो. स्वतःच्या कामाला तो स्वतः वीट म्हणतो. फ्राउ क्रेमरने खोडसाळपणा केला नाही. जर्मन माणूस आहे, ऐकलं ते खरं धरलं.

म्हणजे मी ज्याच्यावर डोळा ठेवून बसले होते तो माणूस आपल्याच जिभेने बुडाला.

आज तो आला. येणार नाही असं मला वाटलं होतं. हर्षाचं अभिनंदन केलं, तिने पहिल्यांदा 'कुठे, कुठे' म्हटलं आणि रडायला लागली. ती तोंड धुवायला गेल्यावर मी विचारलं, "लुओ, खरं सांग. तू बोललास ते मनापासून होतं की नुसती रीत?"

"अर्धं रीत, लाओशी."

"आणि उरलेलं अर्धं?"

त्याने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "फ्राउ क्रेमरने ठरवायच्या आधी मला एकट्याला बोलावलं. वही उघडून वाचून दाखवलं. म्हणाली, तुम्ही हर्षाबद्दल हे म्हणालात आणि स्वतःबद्दल हे. असंच धरू का? तेव्हा मला कळलं की तिने सगळं शब्दाला शब्द धरलंय. मी स्वतःबद्दलचं दुरुस्त केलं. माझं काम वीट नाही, चांगलं काम आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, बरं, तेही लिहिते, पण आधीचं खोडत नाही. मग हर्षाचं विचारलं. ते तसंच ठेवा म्हणालो."

"का? रीत होती म्हणून मोकळा झाला असतास."

"कारण ते खरं होतं. करकोचा सोडून. करकोचा जरा जास्त झाला." आणि हसला.

सुलेखा, त्या क्षणी मी त्याला ताटात दुसरी भाकरी वाढली आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात उभी राहिले. अठरा वर्षं मी एकाच प्रश्नाभोवती फिरतेय, तुझं कौतुक खरं होतं की खोटं. आज वाटलं, मी चुकीचं काहीतरी विचारत होते. खरं-खोटं कळतं ते नंतर, जेव्हा कुणी वही उघडून विचारतं की हे असंच धरू का, आणि हो म्हटलं तर आपलं नुकसान आहे. सही करून मी वर्गावर गेले होते. नंतर त्या खोलीत काय झालं ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

तुला खुर्ची देऊ केली तेव्हा तू काय म्हणालीस?

एवढंच सांग. पत्र लिहायचं नसेल तर हर्षाचा नंबर विनयकडे आहे. मी तीस तारखेला निघतेय. लेख लिहायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर आहे, आणि या वेळी मी टाळत नाहीये.

कांता


बाड हॉम्बुर्ग, २२ जुलै २००७

सुलेखा,

गुरुवारी फोनवर मी जास्त बोलले नाही.  म्हणून लिहून ठेवते. तू जे सांगितलंस तसंच, माझ्या पदरचं काही न घालता.

तू म्हणालीस, "कांता, नंतर कुणी काही विचारलंच नाही. अध्यक्षांनी मला आदल्या दिवशी घरी येऊन विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. कागदही माझ्यासमोर टाइप झाला. भाषण मग केलं." मी विचारलं, म्हणजे ते सगळं खोटं?  तू म्हणालीस, "नाही गं. एकही शब्द खोटा नव्हता. खरं होतं म्हणूनच तर चाललं. खोटं बोलले असते तर तू उभी राहून भांडली असतीस."

फोन ठेवल्यावर हर्षाने विचारलं, कोण होतं? मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने जर्मनमध्ये काहीतरी शिवी दिली, अर्थ विचारला तर सांगेना. मग माझ्याजवळ येऊन बसली.

मला तुझा राग आहे. तो आता जाणार नाही, आणि तो घालवायला मी काही करणार नाही. पण शंका गेली. शंका कशी माणसाला पोखरते ते तुला कळायचं नाही, कारण तुला सगळं माहीतच होतं. मला कुणीही 'कांताबाई, छान' म्हटलं की मी त्याच्या मागे कागद शोधायचे. पोरीच्या ऑफिसात शोधला, आणि एका चांगल्या माणसाला दोन महिने संशयाने जेवायला वाढलं. आता मला बसून श्वास घेता येतो. त्याबद्दल तुझे आभार मानू की तुला बोल लावू, कळत नाही. दोन्ही करते.

लेख लिहिला. दोन पानं झाली नाहीत. खाली उतरवून देतेय, विनयला तसाच दे.

"सुलेखाबाई पंधरा वर्षं आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी मुलींसाठी संडास बांधून घेतले. नववीत लग्न ठरलेल्या मुलींच्या घरी त्या स्वतः जाऊन बसायच्या आणि लग्न पुढे ढकलल्याशिवाय उठायच्या नाहीत. आमच्या वस्तीतल्या मुलींच्याही घरी गेल्या, आणि तिथे चहा प्यायल्या. मी मुख्याध्यापिका असते तर मीही हे केलं असतं, आणि ती जागा ज्येष्ठतेने माझी होती. समितीपुढे माझ्या विद्येचं खरं कौतुक करून त्यांनी ती घेतली. हे मी त्यांना अठरा वर्षांनी विचारलं, तेव्हा त्यांनी ते लपवलं नाही, सजवलं नाही आणि माफीही मागितली नाही. त्या हुशार आहेत हे मला तेव्हाच माहीत होतं. खरं बोलू शकतात हे आता कळलं, आणि त्यासाठी मी त्यांचा आदर करते. कांता हिवराळे, निवृत्त शिक्षिका."

यातला शब्द कमी करायचा नाही. कमिटी म्हणेल, सत्काराच्या अंकात असलं काय छापायचं, आणि तुझी जाऊबाई म्हणेल, कांताने डाव साधला. तू काय म्हणशील ते मला माहीत नाही. या वेळी खोलीत मी नाही, आणि हो म्हटलंस तर नुकसान तुझं आहे.

सप्टेंबरात मी औरंगाबादला असेन. अंक हातात आला आणि त्यात हे असलं, तर मी समारंभाला येईन, स्टेजवर तुझ्या शेजारी बसेन, आणि माझ्या हाताने तुला शाल घालेन. नसलं, तर विनयला सांग, मला पत्रिका पाठवू नकोस.

कांता